"पोरं पळवणारी टोळी उतरलीय म्हणे": पोलीस येईपर्यंतचा अर्धा तास

भीमाकाठ

शाळा सुरू झाल्या की, नाहीतर वारीच्या तोंडावर, आपल्या सोलापूर जिल्ह्यात एक आवाजी मेसेज हमखास फिरतो. घाबऱ्याघुबऱ्या आवाजातली बाई, गावाचं नाव कधी मोहोळकडचं तर कधी सांगोल्याकडचं, 'साधूच्या वेशात आहेत', 'किडन्या काढतात', आणि शेवटी 'सगळ्या ग्रुपवर टाका'. मेसेज खोटा असतो हे सांगायला धागा काढलेला नाही. ते निम्म्या लोकांना कळतं, तरी माणूस मार खातो. मला चर्चा हवी आहे ती मधल्या वेळाची. अनोळखी माणसाला घेरलंय, पोलीस यायचेत, तिथं चार शहाणी माणसं उभी आहेत. त्यांनी करायचं काय?

राईनपाडा सगळ्यांना आठवत असेल. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागत फिरत होते, बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. एका लहान मुलीशी बोलले एवढ्यावरून संशय आला. मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं, कोंडलं, आणि त्याच खोलीत पाचही जणांचा जीव घेतला. सोडवायला आलेल्या पोलिसांनाही मार बसला. त्याच दिवशी मालेगावातही अशाच संशयावरून जमावानं एका कुटुंबाला घेरलं होतं, लेकरासकट. त्यांना पोलिसांनी जिवंत बाहेर काढलं.

या सगळ्याची चाल जवळजवळ ठरलेली असते. पहिली पाच मिनिटं पाच-सहा जणच असतात आणि ते मारत नाहीत, विचारतात. नाव काय, गाव कुठलं, इकडं काय काम. भेदरलेल्या माणसाच्या उत्तरात विसंगती सापडतेच. आधारवर पत्ता एक, गाडी केए पासिंगची, तोंडात निम्मी कन्नड. मग झोळी उलटी होते. त्यात पीठ, अंगारा, जडीबुटी, बिस्किटाचा पुडा. बिस्किटाचा पुडा दिसला की कुणीतरी म्हणतं, "पोरांना द्यायला आणलाय." तिथं फोटो निघतो, ग्रुपवर पडतो, आणि पुढच्या वीस मिनिटांत जे येतात त्यांनी सुरुवात पाहिलेलीच नसते. त्यांच्या लेखी 'सापडला' हे ठरलेलं असतं. मारणारे बहुतेक हे दुसऱ्या फेरीचे.

धाग्याचा एकच नियम: 'आमच्याकडं एकदा काय झालं' नको. ज्याला जे पक्कं माहीत आहे ते टाका.

पाटीलकी

चांगला धागा. पहिली गोष्ट फोनची. ११२ ला लोक सांगतात "चोर धरलाय, या." ऐकणाऱ्याला वाटतं, चोर धरलेला आहे, घाई काय? दुचाकीवर एक-दोन अंमलदार येतात आणि पन्नास माणसांपुढं त्यांचं काही चालत नाही. वाक्य असं पाहिजे: "जमाव माणसाला मारतोय, साठ-सत्तर लोक आहेत, जीव जाईल, जास्तीचा फोर्स पाठवा." गाव, तालुका, खूण (साखर कारखान्याचा वजनकाटा, मारुतीचं देऊळ, झेडपी शाळा), धरलेली माणसं किती, आणि कुठल्या रस्त्यानं यायचं नाही तेही सांगा. गावाची वेस लोकांनी भरली असेल तर मागच्या पाणंदीनं गाडी आणता येते, पण हे बाहेरच्या ड्रायव्हरला कोण सांगणार?

दुसरा फोन थेट ठाण्याला. ११२ वरून निरोप ठाण्याकडं फिरतो, त्यात दोन-चार मिनिटं जातात. सोलापुरात शहर आयुक्तालय वेगळं आणि ग्रामीण एसपी वेगळे. हद्दीवरच्या गावांत घोळ तिथंच होतो. हद्द कुणाची ते नंतर बघता येतं, जवळचं ठाणं आधी.

पोलीस पाटलानं स्वतः जाऊन उभं राहायचं. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली तो नेमलेला माणूस आहे, 'मला काय अधिकार' हे त्यानं म्हणूच नये.

शेंगाचटणी

पण मालक, धरून ठेवायचंच नाही का मग? खरंच चोर असला तर? आमच्या नदीकाठच्या पट्ट्यात मोटारी, केबल, स्टार्टर रोज जातायत. केबल तोडताना सापडला तर सोडून द्यायचा?

काळा_कोट

चांगला प्रश्न आहे, कारण निम्मी गावं 'आम्ही फक्त धरलं होतं' याच वाक्यावर जातात.

खाजगी माणसाला अटक करता येते, पण कलम फार अरुंद आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) कलम ४०: तुमच्या डोळ्यासमोर गुन्हा घडला पाहिजे, तो दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र दोन्ही असला पाहिजे (किंवा तो माणूस फरारी घोषित असला पाहिजे), आणि धरल्यापासून विनाकारण वेळ न घालवता, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात दिला पाहिजे. जुन्या संहितेत तासांची अट नव्हती, ती आता आली.

'मेसेजमध्ये आहे तसाच दिसतो' म्हणून धरणं यात बसत नाही. 'काल केबल गेली, आज हा फिरतोय' हेही नाही. केबल तोडताना समोर सापडला तर बहुतेक वेळा बसेल. पण भारतीय न्याय संहितेत (जुन्या आयपीसीच्या जागी आलेली) पाच हजारांखालच्या मालाची चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र केली आहे. म्हणजे हातात दोन मीटर केबल आणि एक पान्हा असलेल्याला अटक करायचा हक्कच तुम्हाला नाही. ठाण्याला कळवा, फोटो घ्या, गाडीचा नंबर घ्या. बांधून ठेवलात तर कलम १२७ खाली बेकायदा कोंडून ठेवण्याचा गुन्हा तुमच्यावर, मारलंत तर ११५ आणि ११७, त्याचा मोबाईल आणि पैसे काढून घेतलेत तर जबरी चोरीचं ३०९. हे शेवटचं फार जण विसरतात. 'आम्ही पुरावा म्हणून मोबाईल घेतला' असं म्हणतात, आणि पंचनाम्यात मोबाईल निघतो पिंट्याच्या घरातून.

मालदांडी

+१. वर भीमाकाठ यांनी 'विचारतात' हे बरोबर पकडलंय. मला वाटतं गावानं एकच ठरवावं: चौकशी करायचीच नाही. नाव-गाव विचारणं हे पोलिसांचं काम, आपण पाणी द्यायचं आणि सावलीला बसवायचं. प्रश्न थांबले की उत्तरातली 'चूक' सापडायची राहते. अक्कलकोट भागात निम्मा बाजार कन्नडमध्ये चालतो, शहरात पूर्व भागात तेलुगू चालते, आणि आपणच 'भाषा येत नाही म्हणजे परप्रांतीय टोळी' म्हणायचं, कमाल आहे की ओ.

चाटीगल्ली

पाणी द्यायचं ठीक, बसवायचं कुठं? राईनपाड्यात ग्रामपंचायतीतच बसवलं होतं ना.

पाटीलकी

तोच खरा मुद्दा. ग्रामपंचायतीची खोली सगळ्यात वाईट. दार एक, तेही फळ्यांचं नाहीतर पत्र्याचं, खिडक्या रस्त्याकडं, काचेच्या, आणि सगळ्या गावाला 'पंचायतीत ठेवलाय' हे माहीत. शाळेची वर्गखोली त्याहून वाईट, कारण तिथं पोरांचे आईबाप आधीच धावत येतात.

बरी जागा कोणती? दोन वाटा असलेली. लोखंडी जाळीचं दार असलेली गावची विकास सोसायटी, बँकेची शाखा, आरोग्य उपकेंद्राच्या मागचं क्वार्टर. माळवदाचं जुनं घर असलं तर उत्तम: जाड भिंती, लहान झरोके आणि वरून शेजारच्या घरावर जाता येतं. आत त्या माणसाबरोबर गावातली दोन वजनदार माणसं बसलेली पाहिजेत, शक्यतो वयस्क बायका. एकट्याला कोंडलं तर बाहेरच्यांना आत 'आरोपी' दिसतो. गावातलीच कुणी काकू तिथं बसली असेल तर दगड मारणाऱ्याचा हात थोडा तरी अडखळतो.

पण कोंडण्यापेक्षा हलवणं बरं, आणि तेही पहिल्या दहा मिनिटांत, माणसं वीसच्या आत असताना. बंद काचांची जीप किंवा पिकअपची केबिन, दोघं बाजूला बसून, थेट ठाण्यात. ट्रॅक्टरची ट्रॉली नको, दुचाकीवर मध्ये बसवून तर अजिबात नको. ट्रॉलीत माणूस उंचावर सगळ्यांना दिसतो आणि दगडाच्या टप्प्यात राहतो.

एकदा शंभर-दोनशे जमले की मात्र त्याला पायी बाहेर काढायचं नाही. पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला, १६ एप्रिल २०२० ला, दोन साधू आणि त्यांचा चालक गेले. वनखात्याच्या चौकीत होते ते, तिथून पोलिसांबरोबर बाहेर आणताना जमाव तुटून पडला. दार ते गाडी एवढं अंतर सगळ्यात घातक. गाडी दाराला लावता येत नसेल तर जास्तीची कुमक येईपर्यंत दार उघडायचं नाही.

भीमाकाठ

या मुद्द्याला जोडून: जत तालुक्यात लवंगा इथं सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना मारहाण झाली. विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते, एका पोराला रस्ता विचारला एवढंच. वाचले, तक्रार द्यायला तयार नव्हते, तरी पोलिसांनी आपणहून गुन्हा नोंदवून अटका केल्या. विजापूर-पंढरपूर वाट आपल्याच जिल्ह्यातून जाते. रस्ता विचारणारा साधू आपल्याकडं बारा महिने असतो.

शेंगाचटणी

आणि चॉकलेट देणारा पण. बिदर जिल्ह्यात मुर्कीला जुलै २०१८ मध्ये हेच ना? शाळेच्या पोरांना चॉकलेट दिलं, पुढच्या गावाला मेसेज आधी पोहोचला, गाडी अडवली. हैदराबादचा इंजिनिअर गेला बिचारा.

कॅज्युअल्टी_ड्युटी

सुटका झाल्यावर काय, यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सुटलेला माणूस बोलतो, चालतो, चहा पितो, "घरी जाऊ द्या" म्हणतो. त्याला घरी पाठवू नका. किमान चोवीस तास निरीक्षणाखाली.

कारण पहिलं: काठी, पट्टा, रबरी पाईप यांनी बऱ्याचदा हाड मोडत नाही, कातडीही फाटत नाही, पण मांड्या, कुल्ले, पाठ इथले मोठे स्नायू चेचले जातात. त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडाच्या नळ्यांत अडकतं. सोबत पोटॅशियम वाढतं, ते हृदय बंद पाडतं. खूण एकच लक्षात ठेवा, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. मग रक्ताच्या तपासण्या, सीपीके (स्नायू किती चेचलेत), क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय), पोटॅशियम, ताबडतोब, आणि सलाईन उशीर न करता. गावातला डॉक्टर दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन ठोकतो. अशा वेळी ते मूत्रपिंडाला आणखी मारतं. पॅरासिटामॉलवर थांबा. मरण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं आणि घरचे म्हणतात, "बरा होता की."

दुसरं: डोक्याला मार लागून थोडा वेळ शुद्ध गेली, परत आली, माणूस ठीक बोलतोय. कवटीच्या आत रक्त साचत असेल तर तासा-दोन तासांनी उलटी, झोप, एक बाहुली मोठी. तिसरं: डाव्या बरगड्यांवर लाथा बसल्या आणि डावा खांदा दुखतोय म्हणाला तर प्लीहा फाटलीय का बघा, पोटाची सोनोग्राफी.

१०८ बोलवा, मानेला आधार देऊन आडवाच न्या. तालुक्याला ग्रामीण रुग्णालयात प्राथमिक करून सिव्हिलला रेफर.

आता कागद. एमएलसी (पोलीस केसची वैद्यकीय नोंद) करताना 'मारहाण' एवढं लिहून भागत नाही. प्रत्येक वळ वेगळा: जागा, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, रंग. काठीचा वळ रुळांसारखा उमटतो, दोन समांतर लाल रेघा आणि मध्ये फिकट पट्टी. त्या दोन रेघांमधल्या अंतरावरून काठीच्या जाडीचा अंदाज येतो. तीन दिवसांनी ते सगळं पसरून एक निळं-हिरवं होतं आणि पुरावा गेला. म्हणून फोटो त्याच दिवशी, शेजारी मोजपट्टी ठेवून. कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत नकोत, वाळवून कागदी पाकिटात.

काळा_कोट

कॅज्युअल्टी यांचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवण्यासारखा. मोजमापाला महत्त्व आहे कारण 'गंभीर दुखापत' ठरते कलम ११६ वर. पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजचं काम करता आलं नाही, तरी ती गंभीर. पूर्वी वीस दिवस होते. म्हणजे पुढच्या तपासण्यांचे कागद पण जपायचे.

जमावाची कलमं: पाच किंवा जास्त जण, १८९ बेकायदा जमाव, १९१ दंगल, आणि खरं ओझं १९० चं. समान उद्देश असेल तर एकानं केलेलं सगळ्यांवर. नुसता बघ्या म्हणून लांब उभा राहिलेला माणूस त्यात येत नाही. पण दोरी आणून देणारा, दार अडवणारा, "सोडू नका" ओरडणारा येतो, त्यानं एक चापट मारलेली नसली तरी.

१ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत १०३(२) आहे: पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून खून केला तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. गंभीर दुखापतीला तसंच ११७(४), सात वर्षांपर्यंत. माझं मत: पोरं पळवण्याच्या निव्वळ संशयावरचा खून 'तत्सम कारणात' बसतो की नाही यावर बचाव पक्ष भांडणारच. म्हणून फिर्याद लिहिताना काय शिव्या दिल्या, 'भिकारडे', 'कन्नडवाले', जातीचं नाव, जे जे बोललं गेलं ते शब्दशः घ्या. हवालदार 'शिवीगाळ केली' एवढ्यावर भागवतो. तिथंच कलम निसटतं. आणि समजा निसटलंच, तरी १०३(१) आणि १९० आहेतच.

विमुक्त_३१_ऑगस्ट

जातीवर आलोच आहोत तर. लोक म्हणतात "ॲट्रॉसिटी लावा." फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, त्यांना मारलं तर १९८९ चा कायदा लागू शकतो, तपास डीवायएसपी दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, अटकपूर्व जामिनाचा रस्ता जवळपास बंद असतो. डवरी गोसावी भटक्या जमाती 'ब' मध्ये. ते एससी नाहीत, एसटी नाहीत. पाच माणसं मेली तरी ॲट्रॉसिटी लागत नाही. कैकाडी विदर्भात एससी आणि सोलापुरात विमुक्त जाती. भटक्यांच्या वस्तीत फिर्याद घ्यायला बसलात तर हे आधी माहीत पाहिजे, नाहीतर नको ती आशा लावता.

पाटीलकी

बरोबर. यावर उपाय म्हणून एक सुचवतो: भिक्षेकरी, जडीबुटीवाले, बहुरूपी यांनी तालुक्यात शिरताना ठाण्यात जाऊन नोंद करावी, ठाण्यानं शिक्क्याचं पत्र द्यावं. कुणी अडवलं की पत्र दाखवायचं.

विमुक्त_३१_ऑगस्ट

दादा, हेतू चांगला आहे, पण हा प्रकार सोलापूरला शिकवायला नको. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथंच तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. रोज हजेरी, बाहेर जायचं तर पास. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, भाग अजून सेटलमेंट नावानंच ओळखला जातो. तुम्ही सुचवताय तो परत पासच आहे. आणि ज्याच्याकडं पत्र नाही तो आपोआप टोळीतला ठरणार. राईनपाड्यातल्या माणसांकडं ओळखपत्रं नव्हती म्हणून ती मेली का? जमावाला कागद वाचायचा नसतो.

पाटीलकी

मान्य आहे ताई/दादा. पत्राची सक्ती नको. उलट करता येईल: ठाण्यानं पोलीस पाटलाला कळवायचं की या आठवड्यात अमुक मैदानात पालं पडलीत, ओळखीची माणसं आहेत. पालं नेहमीच्याच जागी दर वर्षी पडतात, गावातल्या म्हाताऱ्यांना नावानिशी माहीत असतात. विसरतात ती ग्रुपवरची पोरं.

विमुक्त_३१_ऑगस्ट

हे चालेल. (ताई.)

मालदांडी

ग्रुपवरून आठवलं. २०१८ मध्ये सगळीकडं फिरलेला मोटारसायकलवरून पोर उचलतानाचा व्हिडिओ कराचीचा होता. तिथल्या एका संस्थेनं जनजागृतीसाठी बनवलेला. शेवटी पोर परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, तेवढा तुकडा कापून इकडं फिरवला. मेलेल्या पोरांच्या रांगेचा फोटो सीरियातला, २०१३ च्या विषारी वायूच्या हल्ल्यातला.

ॲडमिननी काय करायचं ते थोडक्यात. अफवा दिसली की ग्रुप 'फक्त ॲडमिन पाठवू शकतात' वर टाकायचा, दोन-तीन तास. मूळ क्लिप परत टाकून वर 'हे खोटं आहे' लिहू नका. लोक क्लिप ऐकतात, मथळा वाचत नाहीत. उत्तर आवाजातच द्या, गावातल्या ओळखीच्या आवाजात, वीस-पंचवीस सेकंद: आज तारीख अमुक, मी अमुक बोलतोय, तमुक ठाण्यात आत्ता विचारलं, आपल्या हद्दीत मूल हरवल्याची तक्रार नाही. तारीख हवीच, नाहीतर तुमचीच क्लिप पुढच्या वर्षी फिरते. ज्या गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा चालू आहे तिथं एका कॉलवर सगळ्या गावाच्या फोनवर आवाज जातो. चोर आल्याचा कॉल टाकायला ती वापरतात, अफवा खोटी असल्याचा कॉल टाकायला कुणी वापरत नाही.

चाटीगल्ली

ॲडमिनवर केस होते ना पण? म्हणून आमच्या पेठेतल्या ग्रुपला कुणी ॲडमिनच व्हायला तयार नाही.

काळा_कोट

दुसऱ्यानं टाकलेल्या मेसेजसाठी नुसता ॲडमिन आहे म्हणून जबाबदार नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये हे स्पष्ट केलंय. त्याचा त्यात सामील हेतू दिसला पाहिजे. पुढं ढकलणारा मात्र अडकतो, कलम ३५३, खोटी माहिती किंवा अफवा पसरवणं, तीन वर्षांपर्यंत. 'फॉरवर्ड ॲज रिसिव्ह्ड' लिहिलं म्हणजे सुटलो हा गैरसमज आहे.

शेंगाचटणी

एक शंका. पेपरात येतं की जिल्ह्यात एवढे एवढे अपहरणाचे गुन्हे दाखल. मग टोळी नाही असं कसं म्हणायचं?

भीमाकाठ

हाच आकडा दरवेळी अफवेला खतपाणी घालतो, म्हणून नीट लिहितो. अठरा वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली की पोलीस ती नुसती 'मिसिंग' म्हणून ठेवत नाहीत, अपहरणाचा गुन्हा नोंदवतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर हे पक्कं झालं. म्हणजे दहावीत नापास होऊन पुण्याला पळालेला, आईशी भांडून मामाकडं गेलेली, प्रेमप्रकरणातून निघून गेलेली सतरा वर्षांची पोरगी, गड्ड्याच्या जत्रेत हात सुटून तासाभरानं सापडलेलं लेकरू (तोवर तक्रार झाली असेल तर), सगळं 'अपहरण'. नियम चांगला आहे, त्यामुळं शोध लगेच सुरू होतो. पण बातमीत फक्त दाखल आकडा येतो, परत आलेल्यांचा येत नाही. ठाण्यात विचारताना 'किती गुन्हे' विचारू नका, 'अनोळखी माणसानं उचलून नेल्याचा आपल्या हद्दीत किती' विचारा.

कॅज्युअल्टी_ड्युटी

अजून एक गट राहिला. मार खाणाऱ्यांत मनोरुग्ण असतात. नाव विचारलं तर हसतात, उत्तर देत नाहीत, पोरांच्या मागं जातात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १००: असा माणूस भटकताना आढळला तर त्याला संरक्षणात घेणं हे ठाण्याच्या अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, आणि चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेलं पाहिजे. फोन करताना 'वेडा फिरतोय' म्हणू नका, 'कलम १०० खाली ताब्यात घ्या' म्हणा.

चाटीगल्ली

व्हिडिओबद्दल कुणीतरी सांगा. काढायचा की नाही? इथं दोन्ही बाजूंनी शिव्या बसतात.

काळा_कोट

एकानं काढायचा, लांबून, चेहरे दिसतील असा, न बोलता. तुमचा "हाण, हाण" असा आवाज त्यात आला तर तो व्हिडिओ तुमच्याविरुद्धचा पुरावा. ग्रुपवर अजिबात नको, दुसरी फेरी त्यानंच येते. मूळ फाईल फोनमध्ये जशीच्या तशी ठेवा. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवला तर दाबला जातो आणि मूळ माहिती गळते, पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून. कोर्टात साक्ष्य अधिनियमाच्या ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, त्यात आता हॅश व्हॅल्यू (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडा-अक्षरी ठसा) लिहावी लागते. पोलीस फोन घेतील तेव्हा पंचनाम्याची प्रत मागा.

आणि हे सर्वोच्च न्यायालयाच्या १७ जुलै २०१८ च्या निकालात आहे, ठाण्यात गेलात तर बोलता यावं म्हणून: प्रत्येक जिल्ह्यात एसपी दर्जाचा नोडल अधिकारी, मदतीला डीवायएसपी, खटला रोजच्या रोज आणि शक्यतो सहा महिन्यांत, पीडिताला तीस दिवसांत अंतरिम मदत. भरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं द्या, खटल्याच्या निकालाची वाट बघू नका. फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते, झिरो नंबरनं घेऊन वर्ग करावीच लागते. भिक्षेकरी माणूस घटनेच्या गावात परत जायला घाबरतो. त्यानं मंगळवेढ्यात दिली तरी चालते.

मालदांडी

तरुण पोरांना कलमं सांगून काही होत नाही, पोलीस भरती सांगा. निम्मी पोरं मैदानावर सोळाशे मीटर मारतायत. चारित्र्य पडताळणीत दंगलीचा गुन्हा निघाला की झालं. गडचिंचल्याच्या प्रकरणात शंभराच्या वर अटका झाल्या होत्या. आईबापांनी जमिनी गहाण टाकून जामीन करायचे, आणि मारताना पुढं असलेला पुढारी मात्र 'मी सोडवायला गेलो होतो' म्हणतो.

शेंगाचटणी

हे चावडीवर लावायला पाहिजे, कोऱ्या चहाचं आणि भरतीचं दोन्ही.

पाटीलकी, एक राहिलं. सोसायटीत बसवलं, जाळीचं दार ओढलं. कुलूप बाहेरून लावायचं का आतून?

पाटीलकी

आतून. बाहेरून लावलं तर किल्ली कुणाकडं आहे ते गावाला कळतं, आणि मग त्या किल्लीवाल्याच्या गळ्याला हात जातो. आतून लावा, किल्ली आतल्या काकूकडं द्या. बाहेर विचारलं तर सांगायचं, किल्ली साहेबांकडं, साहेब वाटेत आहेत. आणि दिवा लावू नका आत.